'कंट्रोल अँड रेझिस्टन्स' ऐकायचा कसा? वॉचटॉवरच्या विसरलेल्या अल्बमची वाट

१९९६ साली हॉस्टेलवर माझ्याकडे नव्वद मिनिटांची एक टीडीके कॅसेट होती. एका बाजूला मेगाडेथ या बँडचा 'रस्ट इन पीस', आणि दुसऱ्या बाजूला स्केचपेनने नुसतंच 'डब्ल्यू. टॉवर'. गाण्यांची नावं नाहीत, कव्हर नाही, भरून देणाऱ्या सीनियरला विचारलं तर तो म्हणाला, "जागा उरली होती म्हणून भरलं."

माझ्या वॉकमनला रिवाइंडचं बटणच नव्हतं. 'रस्ट इन पीस' पुन्हा ऐकायचा तर दोनच मार्ग होते. एक तर पेन्सिल घालून कॅसेट फिरवत बसायचं, नाहीतर उलटून दुसरी बाजू शेवटपर्यंत वाजू द्यायची. पेन्सिल फिरवायचा कंटाळा, म्हणून दुसरी बाजू वाजायची. पहिला महिना ती निव्वळ शिक्षा होती. गायक दारात बोट चेमटल्यासारखा किंचाळतोय, ड्रमवाला शेजारच्या खोलीतलं वेगळंच गाणं वाजवतोय आणि गिटारवाल्याला कुठली तरी गाडी पकडायची आहे, असं सगळं. मग एकदा मेसच्या रांगेत उभा असताना लक्षात आलं की माझी बोटं स्टीलच्या ताटावर काहीतरी वाजवतायत. मेगाडेथ नव्हतं ते, दुसऱ्या बाजूचं होतं. नीट मोजलं तर सरळ चारात बसतही नव्हतं, तरी बोटांना पाठ झालेलं.

हा लेख त्या बटण नसलेल्या वॉकमनच्या जागी आहे असं समजा. ती दुसरी बाजू म्हणजे वॉचटॉवर या बँडचा 'कंट्रोल अँड रेझिस्टन्स'. हा अल्बम सक्तीने पुन्हा पुन्हा ऐकला तरच उघडतो, आणि आता फोनवर सक्ती कसली, तीस सेकंदांत पुढचं गाणं लावता येतं. तेव्हा सक्ती आपली आपणच करून घ्यायची. ती कशी, ते पायरीपायरीने सांगतो. मेटलशी, म्हणजे जड गिटारच्या कर्कश रॉकशी, अजिबात ओळख नसेल तरी चालेल. तबल्याची किंवा ढोलकीची थोडी ओळख असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा पुढूनच सुरुवात करणार आहात.

आधी, हा अल्बम आहे काय

वॉचटॉवर हा अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातला, ऑस्टिन शहरातला बँड. सुरुवात १९८२ची. पहिला अल्बम 'एनर्जेटिक डिसअसेंब्ली' १९८५ साली त्यांनी जवळजवळ स्वतःच्याच बळावर काढला. त्या वेळी गायक जेसन मॅकमास्टर, गिटारवर बिली व्हाइट, बेसवर डग कायझर आणि ड्रम्सवर रिक कोलालूका. पुढे गिटार आणि गायन दोन्ही बदललं. सॅन अँटोनियोच्या एस. ए. स्लेयर या बँडमधून रॉन जारझोम्बेक गिटारवर आला. (कॅलिफोर्नियातला प्रसिद्ध स्लेयर वेगळा. घोटाळा नको म्हणून यांनी नावापुढे गावाची आद्याक्षरं लावली होती.) गायक म्हणून न्यू जर्सीच्या हेडीझ या बँडचा अॅलन टेकियो आला. या चौघांनी बर्लिनला जाऊन स्काय ट्रॅक स्टुडिओत 'कंट्रोल अँड रेझिस्टन्स' ध्वनिमुद्रित केला, आणि १९८९ साली बर्लिनच्याच नॉइज रेकॉर्ड्सने तो बाजारात आणला. क्रीएटर, सेल्टिक फ्रॉस्ट, कोरोनर यांचे अल्बम काढणारी तीच कंपनी.

आठ गाणी, त्रेचाळीस मिनिटं. म्हणजे नव्वदच्या कॅसेटच्या एका बाजूला बरोबर मावणारा ऐवज. सीनियरचा हिशेब पक्का होता.

थ्रॅश मेटल म्हणजे वेग, तुटक-धारदार गिटार आणि त्रागा. १९८६ साली मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' आणि स्लेयरचा 'रेन इन ब्लड' आला, तिथे त्याची व्याख्या पक्की झाली. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे रश, येस, किंग क्रिमसन अशी मंडळी. लांब गाणी, विषम मात्रा, जॅझशी सलगी. ही दोन टोकं एका गाठीत बांधण्याचा उद्योग काही जणांनी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात केला, आणि त्यांत सगळ्यात हट्टी हे ऑस्टिनवाले. विक्री बेताचीच झाली. पुढे जारझोम्बेकच्या हाताचं दुखणं निघालं, शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९९१नंतर बाजारात ग्रंज या नव्या रॉक प्रकाराची लाट आली. ठरलेला तिसरा अल्बम बारगळला. ड्रीम थिएटरसारखे बँड यांचं नाव आदराने घेत राहिले, पण ऐकणारे थोडेच उरले.

पायरी पहिली: शोधणं

हे वाटतं तितकं सोपं नाही. स्ट्रीमिंगच्या अॅपमध्ये बँडचं नाव टाइप केलंत की आधी समोर येतं बॉब डिलनचं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर', मग त्याची जिमी हेंड्रिक्सने केलेली आवृत्ती, मग आणखी पन्नास जणांनी केलेल्या. शिवाय याच नावाचे इतर बँड. म्हणून बँडचं नाव टाकूच नका, अल्बमचं पूर्ण नाव टाका, तेही रोमन लिपीत. तरी सापडलं नाही तर गाण्याचं नाव टाका. 'इन्स्ट्रुमेंट्स ऑफ रँडम मर्डर' असं नाव दुसरं कोणी ठेवलं असण्याची शक्यता कमी.

सापडल्यावर गाण्यांचा क्रम तपासून घ्या: 'इन्स्ट्रुमेंट्स ऑफ रँडम मर्डर', 'द एल्ड्रिच', 'मेडे इन कीव', 'द फॉल ऑफ रीझन', 'कंट्रोल अँड रेझिस्टन्स', 'हिडन इन्स्टिंक्ट्स', 'लाइफ सायकल्स', 'डेंजरस टॉय'. एवढं सगळं असेल तर तुमच्या हातात बरोबर वस्तू आहे. माझ्या कॅसेटवर क्रमही नव्हता आणि नावंही नव्हती. 'डब्ल्यू. टॉवर' या नावाचा बँड शोधण्यात मी कितीतरी वर्षं घालवली आहेत.

सीडी किंवा तबकडी हवी असेल तर डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या नोंदी आणि खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर त्या आवृत्तीची नोंद उघडा, आणि मागच्या बाजूचा फोटो व कॅटलॉग क्रमांक जुळतो का ते पाहा. मी घाईघाईने एका विक्रेत्याकडून 'मूळ जर्मन प्रत' म्हणून सीडी मागवली होती. पाकीट उघडलं तर आतलं कव्हर चक्क रंगीत झेरॉक्स, कडा कात्रीने कापलेल्या, तीही तिरक्या. विक्रेत्याकडे आधी डिस्कच्या आतल्या कड्यावरच्या अक्षरांचा फोटो मागितला असता तर पैसे वाचले असते. तुम्ही मागा. प्रामाणिक विक्रेता फोटो द्यायला कुरकुर करत नाही.

पायरी दुसरी: कान तयार करणं, तीन गाण्यांत

थेट या अल्बमवर उडी मारू नका. एका संध्याकाळी आधी तीन गाणी ऐका.

पहिलं, पिंक फ्लॉइडचं 'मनी', १९७३. सुरुवातीच्या बेसवर रूपक मोजा: तीं तीं ना, धी ना, धी ना. सातात नेमकं बसतं. मध्ये गिटारचा सोलो सुरू झाला की सात सुटून चार येतात आणि एकदम पायाखाली सपाट रस्ता आल्यासारखं वाटतं. तो क्षण लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरं, रशचं 'वाय वाय झेड', १९८१. टोरांटो विमानतळाचं सांकेतिक नाव मोर्स कोडमध्ये वाजवलंय, आणि त्या डिट-डाहचीच लय करून टाकली आहे. तिचं आवर्तन दहाचं. झपतालही दहाचाच, म्हणून मी भोळेपणाने झपताल लावून पाहिला. जमत नाही, कारण वजनं भलत्याच ठिकाणी पडतात. मात्रांची संख्या जुळली म्हणजे ताल जुळला असं नसतं, हे तबलजीला सांगायची गरज नाही, पण मला ते रशने शिकवलं.

तिसरं, मेटॅलिकाच्या १९८८च्या '...अँड जस्टिस फॉर ऑल' या अल्बममधलं कोणतंही एक गाणं. गाणं छानच आहे, पण ऐकताना बेस गिटार शोधा. सापडणार नाही. त्या अल्बममध्ये बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, ही जगजाहीर तक्रार आहे. कानाला ही पोकळी कळली की पुढची पायरी सोपी जाते.

पायरी तिसरी: पहिलं ऐकणं, आवडण्याची अपेक्षा न ठेवता

इक्वलायझर, म्हणजे आवाजाची पट्टी वर-खाली करणारी सोय, बंद करा. फोनमध्ये 'बेस बूस्ट' नावाची सोय असते, तीही बंद. हा अल्बम कोरडा आहे. गिटारचा आवाज पातळ, बारीक चिमट्यासारखा. ड्रम्स स्वच्छ पण घुमारा नसलेले. आजच्या मेटलचा भिंतीसारखा जाड आवाज कानात बसलेला असेल तर पहिल्यांदा वाटेल की स्पीकर बिघडला. बिघडलेला नाही. आवाज जाड केला असता तर इतक्या वेगात कोण काय वाजवतंय ते कळलंच नसतं.

पूर्ण त्रेचाळीस मिनिटं एका बैठकीत ऐका. हाताला काहीतरी काम द्या. माझं मत, शेंगा सोला किंवा कपड्यांच्या घड्या घाला. वाचायला मात्र काही घेऊ नका. ऐकून झाल्यावर 'कसं वाटलं' असं स्वतःला विचारू नका. उत्तर वाईटच येणार आहे. फक्त एवढंच विचारा, की कुठली जागा आठवतेय? एखादी जरी आठवली, अगदी दोन सेकंदांची, तरी पुरे. वहीत लिहून ठेवा. गाण्याचं नाव आणि साधारण मिनिट.

पायरी चौथी: बेसचं बोट धरा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. बाकीच्या गाळल्या तरी चालतील.

नवा ऐकणारा सवयीने गायकाचं बोट धरतो. भावगीत असो की सिनेमातलं गाणं, शब्द पुढे आणि वाद्यं मागे. इथे गायकामागे गेलात की हरवलात, कारण टेकियो फार वरच्या पट्टीत गातो आणि त्याच्या ओळी वाद्यांच्या आवर्तनावर आडव्या पडलेल्या असतात. दुसरा हौशी माणूस गिटारचं बोट धरतो. तोही हरवतो, कारण जारझोम्बेक एका जागी थांबतच नाही.

डग कायझरचा बेस धरा. साध्या थ्रॅशमध्ये बेसचं काम गिटारच्या सावलीत चालण्याचं. कायझर सावलीत नाहीच. त्याच्या वाजवण्यात जॅझ फ्यूजनचा, म्हणजे जॅझ आणि रॉकच्या मिश्रणाचा, लवचीकपणा आहे, सूर वळवून घेण्याची हौस आहे, आणि मिक्समध्ये तो ठसठशीत ऐकू येतो. कालच 'जस्टिस' ऐकलेल्या कानाला तर हा फरक खिडकी उघडल्यासारखा लागेल. गिटार आणि ड्रम्स भांडत असताना मधला निरोप्या तोच. कधी गिटारच्या बरोबर धावतो, कधी ड्रम्सच्या लाथेवर टेकतो, कधी दोघांना सोडून स्वतःचीच एक चाल म्हणतो.

करायचं असं. साधे, वायरचे इअरफोन लावा. 'द एल्ड्रिच' निवडा, कारण ते सगळ्यात छोटं आहे, साडेतीन मिनिटांच्या आतलं. सलग पाच वेळा लावा. पहिल्या दोन वेळा फक्त खालचा सूर पकडायचा, जमेल तसा. तिसऱ्यांदा तोंडाने गुणगुणायचा. शब्द नाहीत, नुसतं डुम-डुम. चौथ्यांदा तुम्हाला पुढचं वळण येण्याआधी कळायला लागेल, सगळी नव्हे, पण दोन-तीन तरी. पाचव्यांदा गाणं कमी वेगाने चाललंय असा भास होतो. गाणं तेवढंच असतं, कान पुढे सरकलेला असतो.

वेग फारच अंगावर येत असेल तर यूट्यूबवर गती पाऊणपट करा. सूर तसाच राहतो, फक्त लय उतरते. ही फसवणूक नाही. रियाज करणारा कोणीही आधी विलंबितच धरतो.

घरी कोणी बेस वाजवणारं असेल तर त्याच्यासमोर मात्र हे लावू नका. माझ्या एका मित्राने ऐकलं आणि चार दिवस बेस हातात घेतला नाही.

पायरी पाचवी: मात्रा मोजणं

इथे महाराष्ट्रातल्या श्रोत्याकडे थोडं भांडवल आहे. नाट्यगीतात, भजनात, तबल्याच्या क्लासच्या खिडकीखालून जाताना आपण सात आणि दहा ऐकलेले असतात. पण एक मोठा फरक आधीच सांगतो, नाहीतर माझ्यासारखी दोन वर्षं फुकट जातील. आपल्याकडे ताल एकदा धरला की बंदिश संपेपर्यंत तोच. गवई कितीही फिरून आला तरी सम आपल्या जागी वाट पाहत असते. वॉचटॉवरमध्ये ठेकाच बदलत जातो. एक तुकडा सातात, पुढचा पाचात, मग एखादी मात्रा कापलेली, मग अचानक सरळ चार. तालमालेच्या, म्हणजे एकामागून एक ताल गुंफलेल्या रचनेच्या, जवळचं काहीतरी, पण तालमालेतला शिस्तीचा क्रमही नाही.

म्हणून अख्खं गाणं मोजायच्या भानगडीत पडू नका. एक रिफ निवडा. रिफ म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा. मुखडाच म्हणा. तो जिथे पुन्हा सुरू होतो ती तुमची सम. तिथून परत तिथे येईपर्यंत किती वेळा बोट आपटलं ते मोजा. मी कागदावर काड्या मारतो, शाळेत गाड्या मोजायला मारायचो तशा, पाचवी आडवी. आकडा आला की पुढच्या खेपेला तो जुळतो का ते बघा. जुळला तर मांडीवर टाळी द्यायला मोकळे. नाही जुळला तर बहुधा शेवटच्या आवर्तनात त्यांनी एखादी मात्रा खाल्ली किंवा वाढवली आहे. ही यांची आवडती खोडी. सगळं कळलं असं वाटलं की खालचा पाट काढून घ्यायचा.

कोलालूका काय करतो तेही याच वेळी ऐका. हात-पाय सगळं एकाच मात्रेवर आदळण्याऐवजी तो झांजेवर एक हिशेब ठेवतो आणि पायाने दुसरा. झांज बहुतेक वेळा तुमच्या बाजूची असते. हरवलात तर तिच्याकडे पळा.

पायरी सहावी: 'मेडे इन कीव', आणि शब्द

शब्दांकडे इतक्या उशिरा आणतोय कारण आधी आणलं असतं तर तुम्ही गायकाला चिकटून बसला असता. आता गाण्यांचे शब्द समोर घ्या, आणि सुरुवात तिसऱ्या गाण्यापासून करा.

नावातच श्लेष आहे. 'मेडे' ही विमानाची किंवा जहाजाची संकटातली हाक. आणि तसाच उच्चार असलेला 'मे डे', म्हणजे १ मे, कामगार दिन. आपल्याकडे तो महाराष्ट्र दिनही, पण इथे प्रश्न कीवचा आहे. २६ एप्रिल १९८६च्या मध्यरात्रीनंतर चेर्नोबिलच्या चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला. शेजारचं प्रिप्यात शहर दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामं केलं गेलं. सोव्हिएत सरकारने जगाला सांगितलं २८ एप्रिलच्या संध्याकाळी, तेही स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात किरणोत्सार आढळल्यावर आणि विचारणा सुरू झाल्यावर. आणि चेर्नोबिलपासून शंभरेक किलोमीटरवरच्या कीवमध्ये १ मेचं संचलन ठरल्याप्रमाणे झालं. मुलांसकट लोक रस्त्यावर उतरले, झेंडे, फुलं, सगळं साग्रसंगीत. वाऱ्यात काय आहे ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

हे माहीत करून घेऊन गाणं पुन्हा लावा. टेकियोचं किंचाळणं, जे महिनाभर मला दारात चेमटलेल्या बोटासारखं वाटत होतं, ते इथे जागेवर बसतं. कोणीतरी ओरडून सांगतंय आणि मिरवणूक थांबत नाही. वाद्यांचं एकमेकांना न ऐकल्यासारखं धावणंही मग निव्वळ हुशारी वाटत नाही. इतकं असूनही माझं मत असं, की या गाण्याचे शब्द वृत्तपत्राच्या रकान्याकडे थोडे जास्तच झुकतात. नावात जेवढी धार आहे तेवढी प्रत्येक ओळीत नाही.

एक दुवा इथेच जोडून घ्या. पहिल्या अल्बमचं नाव 'एनर्जेटिक डिसअसेंब्ली' हे अमेरिकन अणुऊर्जा व्यवसायातल्या गुळगुळीत सरकारी भाषेतून आलेलं. स्फोट म्हणायचं नाही, 'ऊर्जेसह सुटे भाग होणं' म्हणायचं. आपल्याकडे दरवाढीला दरसुधारणा म्हणतात, तसलाच प्रकार. हा अल्बम १९८५चा, म्हणजे चेर्नोबिलच्या आधीचा. तेव्हा १९८९चं कीवचं गाणं ही बातमी पाहून आलेली हुक्की नव्हती. ही पोरं आधीपासून त्या भट्टीकडे डोळे लावून बसली होती.

शेवटच्या 'डेंजरस टॉय' या गाण्याचं नाव वाचून काही जण चमकतात, कारण बँड सोडून गेलेल्या जेसन मॅकमास्टरच्या नव्या बँडचं नाव 'डेंजरस टॉइज', आणि त्यांचा पहिला अल्बम त्याच १९८९ साली कोलंबियासारख्या बड्या कंपनीकडून आला. तिथे केस फुगवलेला, मजेचा हार्ड रॉक. ऐकून बघा. त्याच गळ्यातून चार वर्षांपूर्वी 'एनर्जेटिक डिसअसेंब्ली' निघाला होता यावर विश्वास बसत नाही.

पायरी सातवी: मोठी दोन गाणी, आणि थोडी माघार

'द फॉल ऑफ रीझन' आठ मिनिटांचं आहे आणि शीर्षकगीत सातच्या जवळ. ही दोन ओळीने येतात आणि इथेच बहुतेक लोक गळतात. गळायला हरकत नाही. आठवडाभर ही दोन बाजूला ठेवा, उरलेल्या सहांवर राहा. मग 'फॉल ऑफ रीझन' एकटंच घ्या आणि कागदावर त्याचा नकाशा काढा. वेग बदलला की आडवी रेघ. गायक थांबला की फुली. एखादा तुकडा परत आला की त्याला अक्षर द्या, क, ख, ग. माझ्या वहीतला नकाशा एसटीच्या घाटरस्त्यासारखा दिसतो. पण तो काढल्यावर पहिल्यांदा कळलं की गाणं वाट्टेल तसं उसवलेलं नाही. तुकडे परततात, फक्त परतताना कपडे बदलून येतात.

अल्बममधला माझा लाडका भाग या गाण्यात आहे, पण मिनिट सांगत नाही. तुमच्या वहीत तुमचा लिहा.

एक पथ्य

रोज नको. मला हॉस्टेलवर सक्ती होती म्हणून रोज झालं, आणि मध्ये दोन आठवडे डोकं उठलं होतं. आठवड्यातून तीनदा, महिनाभर, म्हणजे बारा-तेरा खेपा. त्यातल्या निदान दोन लोकलमध्ये किंवा बसमध्ये करा. गाडीचा रुळांवरचा सरळ ठेका आणि कानातली विषम लय यांचं भांडण ऐकण्यासारखं असतं. दादर ते कल्याण एवढ्यात अल्बम साधारण आटपतो, फास्ट लोकल नसेल तर.

महिन्याभरानंतरही काहीच झालं नाही, तर सोडून द्या. हा काही संस्कृतीचा ठेवा वगैरे नाही. तीन टेक्सासवाल्यांचा आणि एका न्यू जर्सीवाल्याचा हट्ट आहे, आणि हट्ट सगळ्यांना पटत नाही.

पटलाच, तर पुढे कुठे

मागे जायचं असेल तर 'एनर्जेटिक डिसअसेंब्ली'. आवाज आणखी कच्चा, गंमत जास्त. अजून मागचं, डेमोंचं, म्हणजे अल्बमआधीच्या कच्च्या ध्वनिमुद्रणांचं, संकलन हवं असेल तर 'डेमॉन्स्ट्रेशन्स इन केऑस', पण ते व्यसन लागल्यावरच.

बाजूला जायचं असेल तर १९८९ हे साल हाताशी ठेवा. झ्युरिकच्या कोरोनरचा 'नो मोअर कलर' त्याच सालचा आणि त्याच कंपनीचा. याहून गडद आणि जास्त सुबक. माझ्या मते नव्या माणसाला वॉचटॉवरआधी तो द्यायला हवा, पण मला सीनियरने उलट दिलं. क्यूबेकच्या व्हॉयव्हॉडचा 'नथिंगफेस' त्याच सालचा. त्यात पिंक फ्लॉइडच्या एका जुन्या गाण्याची आवृत्तीही आहे, त्यामुळे दुसऱ्या पायरीशी धागा जुळतो. म्युनिकच्या सीजेस ईव्हनचा 'लाइफ सायकल' एक वर्ष आधीचा.

पुढे जायचं असेल तर फ्लोरिडाच्या अथीस्टचा 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स', १९९१. हे डेथ मेटल, म्हणजे गायन आणखी खरखरीत, पण बेसचं बोट धरायची सवय लागलेल्याला तिथे मेजवानी आहे. नॉर्वेच्या स्पायरल आर्किटेक्टचा 'अ स्केप्टिक्स युनिव्हर्स' २००० सालचा. वॉचटॉवरचा तिसरा अल्बम आला असता तर कसा वाजला असता याचा अंदाज घ्यायचा तर हा ऐकावा. जारझोम्बेकचं स्वतःचं पुढचं काम स्पॅस्टिक इंक या बँडच्या 'इंक कम्प्लीट'मध्ये, १९९७. ड्रम्सवर त्याचा भाऊ बॉबी. गायक नाहीच, आणि खरं सांगायचं तर दोघा भावांना त्याची गरजही वाटलेली दिसत नाही.

आणि तो बारगळलेला तिसरा अल्बम? त्याचे पाच तुकडे शेवटी २०१६ साली 'कॉन्सेप्ट्स ऑफ मॅथ: बुक वन' या नावाने बाहेर आले, म्हणजे 'कंट्रोल अँड रेझिस्टन्स'नंतर सत्तावीस वर्षांनी. गायक पुन्हा जेसन मॅकमास्टर. मी तो पहिल्यांदा लावला तेव्हा दोन मिनिटांत बंद केला. अजिबात कळला नाही. दुसऱ्या दिवशी ड्रॉवरमधली ती टीडीके काढली, नुसती टेबलावर ठेवली, आणि पुन्हा पहिल्यापासून लावला. आता सातवी खेप चालू आहे, बेस थोडा थोडा दिसायला लागलाय.